दुसरी डहाळी

बाय, चपलांचं आधी सांगते, कारण तू पहिलं तेच विचारणार. या खेपेला चपला नव्हत्या. नातवाचे बूट घातले होते, हिरव्या पट्ट्यांचे. पुढं दोन बोटं जागा उरत होती, तिथं कापूस कोंबला. साडी वर खोचली, डोक्याला पंचा गुंडाळला, काठी घेतली आणि आरशात पाहिलं, तर बुजगावणं बरं अशी दिसत होते. तरी नवी नवरी असताना याच वाटेला लागले तेव्हा जी काही दिसत होते, त्यापेक्षा ठीकच.

सून वैशाली भाकऱ्या थापत होती. म्हटलं, "देवीला जाऊन येते."

"लवकर या हां आई. ऊन फार तापतंय."

"येते की. देवी काय मला ठेवून घेणार आहे?"

खोटं नव्हतं ते. देवी होतीच, फक्त मध्ये डोंगर होता, आणि डोंगर जळालेला होता. दोन भाकऱ्या मी तिच्या पाठीमागून उचलल्या. तुझा तांब्या भरून, तोंडाला फडकं बांधून पिशवीत ठेवला. तेराव्याला सुमननं तो माझ्या हातात दिला होता. "काकू, आईच्या ट्रंकेत तळाशी होता. तुम्हीच ठेवा," म्हणाली आणि पनवेलची गाडी पकडायला गेली. लेक तुझी, रडणंही तुझ्यासारखंच: पाठ फिरवून.

मागीलदारी तुझ्या कढीपत्त्याच्या डहाळ्या तोडल्या. डोंगरावर हिरवं पान राहिलेलं नाही हे खालूनच दिसत होतं. कढीपत्ता बघून डोंगरावरची वाघजाई देवी म्हणाली असती, बायांनो, मला काय फोडणी देता?

तू अंथरुणाला खिळलीस त्याच आठवड्यात वणवा लागला. कुणी म्हणतं रानडुकरांसाठी लावला, कुणी म्हणतं राब भाजताना ठिणगी उडाली. पेरणीआधी शेताचा तुकडा पाल्यापाचोळ्यानं भाजून घ्यायची आपली रीत. एवढी वर्षं भाजतोय, पण वारा कधी आपल्या घरचा झालाय का? दिवसभर धूर खिडकीतून तुझ्या उशाशी यायचा. तू डोळे मिटून विचारलंस, "राब भाजतायत काय गं?"

"न्हाय बाय. डोंगर पेटलाय."

"खिंडीवर गेला?"

"गेला असंल. तू पड."

मला वाटलं झोपलीस. मग म्हणालीस, "माझी डहाळी काढून ये."

"कसली डहाळी?"

"वाघजाईखालची. ती हाय तवर मी परत येनार असं व्हतं. आता मी न्हाय यायची. देवीला थापा नको."

"अगं, ती कवाच कुजून माती झाली. आणि आता तर जळलीही असंल."

"पाला जळला. बोललेलं जळत न्हाय." मग डोळे उघडून नीट माझ्याकडं पाहिलंस. "आन् तू जा. सुमीला धाडू नको. तिला वाट ठावं न्हाय."

"मला तरी कुठं ठावं हाय?"

"तुला बी न्हाय," म्हणालीस आणि हसलीस. माझ्यासमोरचं तुझं शेवटचं हसणं ते.

तुला सांगायला नको, पण आता ही वाट चाललेलं कुणी उरलं नाही, म्हणून लिहून ठेवते. आपला गाव डोंगराच्या अलीकडं, भातशेतीचा. पलीकडं उतरलं की मुरुडकडची वाट, नारळीपोफळीच्या वाड्या आणि समुद्र. खिंडीच्या जरा अलीकडं वाघजाईचा दगड. पलीकडं जाणाऱ्यानं तिच्यापाशी हिरवी डहाळी दगडाखाली दाबून ठेवायची: आई, मी ह्याच गावची, परत येणार आहे, लक्ष ठेव. जो गाव सोडून कायमचा निघाला तो ठेवत नाही. आणि न ठेवता पुढं गेलेला माणूस मधूनच फिरला, तर त्यानं परतताना ठेवायची आणि नाक घासायचं: चुकले, आले मी. बस, एवढंच. गाडीरस्ता झाला, एसटी आली, आणि वाघजाईला पाला मिळायचा बंद झाला. एसटीतून जाणारा माणूस परत येणार की नाही, हे कंडक्टरलाच ठाऊक.

राबाची शेतं संपली तिथं काळं सुरू झालं. पहिल्यांदा वाटतं, कुणी सावली पसरलीय. मग पाय पडतो आणि सावलीतून भुरकन राख उडते. करवीच्या झुडपांची नुसती काटकं उभी होती, विझलेल्या उदबत्त्यांसारखी. मोठी झाडं उभी होती, पण कोणतं कोण ते ओळखू येईना. ऐन, किंजळ, आसाणा, सगळे एका रंगाचे, जणू कुणाच्या तरी मयताला आलेले. मी वाट झाडांवरून ओळखायची, बाय. कुबड्या आसाण्याला डावी घाल, बेहड्याखाली उजवी. कुबड्या दिसलाच नाही. एक जाड ओंडका आडवा पडला होता आणि त्याच्या पोटातून अजून धूर निघत होता, हळूहळू, म्हाताऱ्याच्या विडीसारखा. तोच कुबड्या असावा. मी त्याला डावी घातली आणि सरळ एका ओहळात उतरले. वाट नव्हतीच ती. राखेवरून घसरत बैठक मारून खाली आले. उठून पाहिलं, तर साडीच्या मागच्या बाजूला अख्खा डोंगर.

तिथं बसूनच मी मोठ्यानं हसले. एक टिटवी ओरडत उडाली. तिचं बरोबर होतं, असल्या ठिकाणी कोण हसतं?

पण वणव्यानं एक केलं. करवीनं एवढी वर्षं झाकून ठेवलेली जुनी पाखाडी उघडी पडली होती. ओहळातून मान वर केली तर दिसली: दगडी पायऱ्या, एकामागं एक, उपाशी गुराच्या बरगड्यांसारख्या, थेट वर चढत गेलेल्या. आपण कधी पायऱ्या पाहिल्याच नव्हत्या गं. पायाला लागायच्या तेवढ्याच. मी वर आले आणि पायऱ्यांना लागले. पायऱ्यांवर गोगलगायींचे शंख पडले होते, भाजून पांढरे झालेले. राखेत डुकरांच्या खुरांचे ठसे होते, म्हणजे ज्यांच्यासाठी आग लावली म्हणतात ते खुशाल होते.

त्या दिवशी ह्याच पायऱ्यांवरून मी पळाले होते. त्या बयेच्या चपलांची गोष्ट तू गावभर सांगायचीस, पळण्याची आज मी सांगते. लग्नाला महिना झाला नव्हता. मुरुडकडच्या वाडीतली, मॅट्रिक पास, आणि मॅट्रिक पास असल्याचं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगणारी. आमच्याकडं पोराच्या हातात खेळायला नारळ देतात. इथं मी वरणात दीड नारळ वाटून घातला. सासूबाईंनी पातेल्यात डाव फिरवला, पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझ्या बापाची वाडी हाय म्हणून माझ्या घरात नारळ उधळायचा न्हाय." झालं. बापाचं नाव काढलं! दुसऱ्या दिवशी सगळी शेतावर गेल्यावर मी निघाले. अंगावर लग्नातला जरीकाठ, पायात टाचेच्या चपला, पिशवीत आरसा, पावडरचा डबा आणि उरलेला अर्धा नारळ. तो आईला दाखवायचा होता, पुरावा म्हणून. पाणी? पाणी घ्यायला मॅट्रिकला शिकवलं नव्हतं.

वाघजाईच्या दगडापाशी मी थांबलेसुद्धा नाही. डहाळी ठेवतात हे ऐकून होते. मनात म्हटलं, ठेवत नाही जा! येतंय कोण परत! पुढच्या चढाला एक टाच मोडली. मग दुसरीही मी दगडावर आपटून मोडली, दोन्ही पाय सारखे व्हावेत म्हणून. टाचा गेल्यावर चपला पुढून वर उचलल्या गेल्या आणि मी बदकासारखी चालत, घामानं पावडर ओघळलेली, रडत खिंडीत पोचले.

आणि खिंडीत तू बसली होतीस.

घरातली थोरली सून. माझी जाऊ. दगडाला टेकून, पाय लांब करून, समुद्राकडं बघत. मांडीशी एक गाठोडं, शेजारी तांब्या. मला पाहून तू दचकलीस. मी तर इतकी दचकले की रडणंच थांबलं.

"तू हितं?"

"तुम्ही इथं?"

"मी कवळाला आलते," म्हणालीस. राबासाठी झाडांचा पाला छाटतात ना, त्या कवळाला. मग माझ्या पायांकडं पाहिलंस. "आन् तू काय, लग्नाला निघालीस व्हय?"

मी नारळाची सगळी कैफियत मांडली. अर्धा नारळ काढून दाखवला. तू तो हातात घेऊन उलटसुलट पाहिलास, वास घेतलास, म्हणालीस, "खवट व्हायच्या आधी खाऊन टाकू." गाठोड्यातनं भाकरी काढलीस, गूळ काढलास. दगडावर आपटून नारळाचे तुकडे केलेस. माझा पुरावा आपण दोघींनी खिंडीत बसून खाल्ला. तांब्यातलं पाणी तू मला आधी दिलंस, आणि मी ते जवळजवळ सगळंच प्याले.

खाऊन झाल्यावर तू पुन्हा समुद्राकडं तोंड केलंस. खाली खाडीत एक लाँच चालली होती, एवढीशी, पलीकडं दिघीला. ती धक्क्याला लागेपर्यंत तू बघत होतीस. मग पदर झटकून उठलीस.

"चल."

"मी नाही येणार परत."

"बरं. मंग जा. खाली उतारावर तीन वाटा फुटतात, त्यातली कंची तुझी?"

मला काय ठाऊक! मी आयुष्यात एकदाच त्या बाजूनं आले होते, तेही डोलीत डुलक्या घेत.

"हे बघ," तू म्हणालीस, "तुला एकटीला पुढं सोडली तरी चुकशील, मागं धाडली तरी चुकशील. चल, मी येते." आणि गाठोडं उचललंस.

परतताना वाघजाईपाशी तू मला नाक घासायला लावलंस. करवंदीच्या दोन डहाळ्या मोडल्यास आणि दोन्ही दगडाखाली दाबल्यास. मला वाटलं, दोन्ही माझ्याच. त्या वयात मला जगातलं सगळंच माझ्यासाठी आहे असं वाटायचं. घरी सासूबाईंना तू सांगितलंस, नारळ उंदरानं खाल्ला आणि धाकली माझ्याबरोबर कवळाला आलती. त्या म्हणाल्या, "आन् कवळ कुठाय?" तू म्हणालीस, "ही टाचेच्या चपलांत काय कवळ आननार व्हती?" त्या दिवसापासून टाचेच्या चपला म्हणजे मी. माझ्या पोरांना अंगाईच्या जागी तू तीच गोष्ट सांगितलीस.

आपलं भांडण लागलं ते पुढं, मी जरा शहाणी झाल्यावर. मी म्हणायची, "तुम्हाला सासूबाईंनीच माझ्या मागावर धाडलं होतं." तू म्हणायचीस, "खुळी का काय! मी आधीपासनं व्हते तिथं. कवळाला."

"मग कोयता कुठं होता? मी तर पाहिला नाही."

"झाडाखाली ठेवला व्हता."

"कुठल्या झाडाखाली?"

"जाऊन बघ. असंल अजून गंजत."

दर पावसाळ्याआधी सुक्या मासळीच्या बाजाराला आपण तीच खिंड ओलांडायचो आणि दर खेपेला हे भांडण व्हायचं. मी मुद्दाम म्हणायची, चला तुमचा कोयता शोधू. तू म्हणायचीस, डहाळ्या मोड आधी, दोन मोड. आपल्या दोघींचेही नवरे गेले, सासूबाई केव्हाच गेल्या, नातवंडं झाली, तरी कोयता सापडला नाही. मला गंमत वाटायची. जिंकायचं होतं गं मला एकदा तुझ्याशी.

म्हणून काल त्या चढावर मी एका डोळ्यानं वाट बघत होते आणि दुसऱ्या डोळ्यानं कोयता. खरंच सांगते. पाला जळला, मूठ जळली असेल, पण लोखंड कुठं जाणार? सगळा डोंगर माझ्यासाठी झाडून ठेवल्यासारखा उघडा होता. सापडला असता तर घरी आणून तुझ्या फोटोखाली ठेवणार होते.

अर्ध्या डोंगराला वैशालीचा फोन आला. तिथं रेंज कशी असते आणि आपल्या माजघरात का नसते, देव जाणे.

"आई, कुठं आहात? देवळात तर तुम्ही नाहीत!"

"दुसऱ्या देवळात."

"कुठल्या? आणि एवढा दम का लागलाय तुम्हाला?"

"प्रदक्षिणा घालतेय," म्हटलं आणि बंद केला.

त्याच्यावर कड्याखालची आडवी वाट आहे ना, तिथं मात्र माझी हसण्याची हिंमत गेली. एका अंगाला काळा कडा, दुसऱ्या अंगाला थेट दरी. पूर्वी दोन्हीकडं करवी दाट असायची, आपण भिंतीआडून चालल्यासारखे चालायचो. दरी आहे हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. वरून खडे सुटत होते. मुळं जळाली की दगडांना धरून ठेवायला कोण राहतं? एक गोटा टणटण उड्या मारत माझ्या पुढून गेला आणि त्याचा खाली पोचल्याचा आवाज आला तेव्हा माझे दोन श्वास घेऊन झाले होते. मी कड्याला पाठ लावून उभी राहिले. मागं फिरावं असं वाटलं. तू म्हणालीस ना, तू जा. दुसरं कुणी सांगितलं असतं तर फिरलेच असते.

तिथं उभी असतानाच मला दिसलं, बाय.

वाट एकच आहे. वर कडा, खाली दरी, मधून ती एक वितभर वाट. दुसरी नाही, आडवाट नाही, जवळची पायवाट नाही. करवी होती तोवर वाटायचं, असेल कुठूनतरी एखादी. म्हणजे माझ्या मागून निघून, मला न दिसता तू माझ्या पुढं जाऊच शकत नव्हतीस. तुला कुणी माझ्या मागावर धाडलं नव्हतं. तू आधीपासनं तिथं होतीस. भांडण तू जिंकलंस.

मनात म्हटलं, बरं बाई, हरले. आणि कड्याला धरून धरून पुढं सरकले. आडवी वाट संपली, खिंडीचा माळ लागला आणि मी पुन्हा थांबले. कारण तो माळ होता. जळाल्यावर झाडांची खोडं राहतात, बुंधे राहतात. तिथं काही नव्हतं. नुसतं गवत होतं ते जळून गेलं होतं आणि खाली कातळ होता. दरवर्षी तिथून गेले, पण ह्या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं: त्या माळावर कवळ छाटावं असं झाड कधी नव्हतंच. कोयता ठेवायला झाड नव्हतं.

माळाच्या अलीकडच्या कडेला वाघजाईचा दगड, तिथं मी बसले. तीही काळी झाली होती, शेंदूर तडकला होता. घसा कोरडा पडला होता म्हणून तुझा तांब्या काढला. तोंडाचं फडकं सोडलं, पाणी प्याले. तांब्या तिरपा केला तसं ऊन त्याच्या गळ्यावर पडलं आणि कोरलेलं नाव दिसलं. द्वारका. तुझं माहेरचं नाव. ह्या घरात तू आलीस आणि लक्ष्मी झालीस. मला तर तू नुसती बाय. तुझ्या बापानं बोर्लीहून दिलेला तांब्या, ट्रंकेच्या तळाशी ठेवलेला, सणालासुद्धा न काढलेला. त्या दिवशी खिंडीत तुझ्या शेजारी होता तो हाच. कवळाला जाताना बाया पाण्याला भोपळा नेतात गं, नाहीतर डबा. माहेरचा तांब्या कोण नेतं? सगळं घर मागं ठेवून जी आपलं तेवढंच उचलते, तीच नेते.

गाठोडं. भाकरी. माहेरचा तांब्या. खाडीतली लाँच. खाडीपलीकडं दिघी, तिथून बोर्ली पंचतन, तुझं माहेर.

आणि दोन डहाळ्या. कवळाला आलेल्या बाईला डहाळी ठेवायची गरजच नसते.

तेव्हा कुठं मला आठवलं, जे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी पाहिलं नव्हतं. मी पळायच्या थोडे दिवस आधी, नव्या नवरीची म्हणून माझी पहिली ओटी भरली त्या दिवशी सासूबाईंनी गावातल्या पाच लेकुरवाळ्या बोलावल्या होत्या. तुझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि कूस भरली नव्हती. ओटीच्या वेळी त्या तुला म्हणाल्या, "तू जरा विहिरीवर जाऊन ये." कळशा भरलेल्या होत्या. तू तरी रिकामी कळशी घेऊन गेलीस. आणि मी? मी पाटावर बसून ओटीत किती नारळ पडले ते मोजत होते.

तू तिथून निघाली होतीस, बाय. डहाळी न ठेवता. खिंड गाठली होतीस, लाँच दिसत होती, उतारच तेवढा राहिला होता. आणि मागून एक बदक आलं, रडत, अर्धा नारळ घेऊन.

मी तिथं किती वेळ बसले कोण जाणे. मला तुझा राग आला. एवढी वर्षं बोलली का नाहीस? मग माझाच आला. मग दोन्ही गेले. तुला वाचवलं की अडवलं, हे मला अजून समजत नाही. तू लाँचमध्ये बसली असतीस तर काय झालं असतं? भावजयीच्या घरात कोपरा मिळाला असता, का शाळेत दाई झाली असतीस, का दुसरं काही, जे माझ्या डोक्यातही येत नाही? पुढं तुला सुमन झाली, सासूबाईंनी गावभर पेढे वाटले आणि विहिरीची गोष्ट सगळे विसरले. तूही विसरलीस असं मला वाटलं. तू विसरली नव्हतीस.

एक सांगू? आपण खिंडीतून परतलो त्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला हळदीकुंकवात मी हट्टानं तुला पहिली पुढं केली, सासूबाईंच्या डोळ्यांदेखत. "मोठ्या जाऊबाईंनी आधी लावायचं," म्हटलं. गाव म्हणालं, धाकली किती गुणाची. तुझे डोळे भरून आले. खरं कारण आज ऐक: मी घाबरत होते. तू नारळाचं आणि पळण्याचं बिंग फोडशील म्हणून तुला खूश ठेवत होते. तू मात्र पुढं आयुष्यभर मला त्याचं देणं दिलंस. आता आपल्यातलं कोण कुणाला फसवत होतं ते वाघजाईनं बघावं.

दगडाखाली हात घातला. तुझी डहाळी काढायची होती ना. राख निघाली, थंड, मऊ. वणव्यानं तुझं काम माझ्याआधी केलं होतं. पण तू म्हणालीस, बोललेलं जळत नाही. मग पिशवीतून कढीपत्ता काढला आणि बघते तर सवयीनं दोनच डहाळ्या तोडून आणल्या होत्या. सवयीनं दोन्ही दगडाखाली दाबल्या. एक माझी, एक तुझी. त्या काळ्या डोंगरावर तेवढंच हिरवं.

मग मी वाकून तुझी उचलली. "आई," म्हटलं, "ही आता ह्या गावची नाही. हिला मोकळं कर."

आणि परत फिरायचं सोडून मी पलीकडं उतरले. उतारावर खरंच तीन वाटा फुटतात. मधली धरली. वणवा निम्म्या उतारावर ओढ्याच्या काठी थांबला होता, जसा काही पाण्यापाशी येऊन शहाणा झाला. ओढा ओलांडला तर एकदम हिरवं, इतकं की डोळे दुखले. पुढं डांबरी रस्ता, वाड्या, सड्याचा वास, सुकट वाळत घातलेली. धक्क्यावर पोचेपर्यंत सावल्या लांब झाल्या होत्या आणि नातवाच्या बुटांनी माझी नखं खाल्ली होती.

एक कोळीण टोपली उतरवून बसली होती. मला खालपासून वर बघून म्हणाली, "आजी, कोळशाचा धंदा काढलाव काय?"

"डोंगरावरनं आले गं."

"चालत? एकटी? ह्या जळलेल्या डोंगरावरनं? घरात कोनी बोलत न्हाय का तुम्हाला?"

"बोलेल की. अजून पोचले कुठं."

लाँचवाला पोरगा दोर सोडत होता. "चला आजी, दिघी? शेवटची हाय."

"मी न्हाय. ही जाते," म्हटलं आणि डहाळी पुढं केली.

त्यानं डहाळीकडं पाहिलं, माझ्या बुटांकडं पाहिलं. "हिचं तिकीट?"

"तिनं मागंच काढलं होतं, बाळा. गाडी चुकली तिची."

त्याला काय कळलं कोण जाणे. पण थट्टा थांबवली त्यानं. डहाळी घेतली आणि लाँचच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, झेंडूचा हार होता त्यात खोवली. तुझ्या अस्थी हरिहरेश्वरला गेल्या, जावयानं सगळं रीतसर केलं. पण त्यात लक्ष्मी गेली. द्वारका राहिली होती.

लाँच सुटली. मी धक्क्यावर तांब्या पोटाशी धरून उभी होते. फोन वाजत होता, वाजू दिला. कोळीण म्हणाली, "कोन गेलं वो, लेक?"

"जाऊ माझी," म्हटलं. "माहेरी गेली."

तू मागं वळून पाहिलं नाहीस. बरं केलंस. पाहिलं असतंस तर मी पुन्हा रडत उभी दिसले असते आणि तू पुन्हा परत आली असतीस.